दुसऱ्या बैलाचा दोष काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका पतसंस्थेच्या सप्टेंबरमधल्या वार्षिक सभेत माझं बोलायचं राहून गेलं. अध्यक्षांनी "तांत्रिक विषय नंतर पाहू" म्हटलं आणि चहा आला. तोवर निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक संचालक बोलून बसले होते आणि सभासदांच्या टाळ्याही पडून गेल्या होत्या. गुरुजी म्हणाले होते, "दोन बैल जुंपले तरी गाडी अडलीच. मग दुसऱ्याला पेंड कशाला चारायची?"

बैल म्हणजे संस्थेच्या सर्व्हरमधल्या दोन हार्ड डिस्क. मार्चअखेरीला हा सर्व्हर दीड दिवस बंद होता. काउंटरवर रांग, ठेवीदारांचे फोन, वसुली प्रतिनिधी हात बांधून बसलेले. सभेत त्याचा जाब विचारला जाणार हे उघड होतं. गुरुजींनी त्यातून तीन गोष्टी काढल्या. दोन डिस्कची जोडी हा वायफळ खर्च आहे. यवतमाळच्या उन्हात आणि इथल्या विजेवर असली यंत्रं टिकतच नाहीत. तेव्हा सगळं उचलून क्लाउडवर टाका. त्या सर्व्हरची देखभाल मी करतो. गुरुजींचा हिशेब एरवी इतका पक्का असतो की लेखापरीक्षकही त्यांच्यासमोर जपून बोलतात. म्हणूनच या वेळी तो कुठे चुकला, हे नीट सांगितलं पाहिजे.

आधी जोडी म्हणजे काय ते. या रचनेला 'रेड वन' किंवा नुसतं 'मिरर' म्हणतात. प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. एक डिस्क गेली तर दुसरी काम चालू ठेवते, आणि काउंटरवर बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. विकणारे हे शेवटचं वाक्य मोठ्या अभिमानाने सांगतात. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. एकच डिस्क असती तर ती गेल्याक्षणी बोंब झाली असती. जोडीतली एक गेली की शांतता असते. त्या शांततेत कुणीतरी मुद्दाम वाकून पाहावं लागतं.

आता त्या सर्व्हरमध्ये काय झालं ते सांगतो, कारण सभेत ते कुणीच सांगितलं नाही.

पोळ्याच्या आठवड्यात जोडीतली पहिली डिस्क बाहेर पडली. यंत्राने ते सांगितलं होतं. कॅबिनेटमध्ये एक बारका बझर असतो, तो वाजायला लागला. सर्व्हर कॅशियरच्या मागच्या खोलीत, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी. मार्चमध्ये मी कॅबिनेट उघडलं तेव्हा बझरची लाल-काळी वायर लोंबत होती. शिपायाला विचारलं. तो बिचारा खरं ते बोलला, "भाऊ, ते दिवसभर कुईकुई करे. कायची घंटी हाय समजे ना, म्हून काढून टाकली." त्याला दोष कसा द्यायचा? ती घंटी कशाची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोळ्यापासून मार्चअखेरपर्यंत साधारण २०० दिवस झाले. एवढे दिवस दुसऱ्या डिस्कने एकटीने गाडी ओढली. दिवाळीच्या ठेवी, कापसाच्या पैशाचा हंगाम, डिसेंबरचं व्याज, सगळं तिच्या एकटीच्या खांद्यावर. २९ मार्चला तिच्यातल्या काही जागा वाचता येईनाशा झाल्या आणि सर्व्हर अडला. आता सांगा, एक बैल पोळ्यालाच जुवातून सुटून धुऱ्यावर बसला, दुसऱ्याने गाडी मार्चपर्यंत आणली आणि मग तो पडला. यावरून जोडी निरुपयोगी ठरते की गाडीवान झोपला होता असं ठरतं?

यात आकडेही आहेत, आणि गुरुजींना आकडे आवडतात. १९८८ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध मांडला. 'रेड' हे नाव तिथून रूढ झालं. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त, लहान डिस्क एकत्र बांधाव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. अडचणही त्यांनीच मांडली होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर अशा १०० डिस्कच्या समूहात सरासरी दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवडेही व्हायच्या आत, एक जाणार. उपाय म्हणून जादा डिस्क. पण त्यांच्या गणितात, जादा डिस्क किती यासोबत आणखी एक पद आहे: गेलेली डिस्क बदलून जोडी पुन्हा पूर्ण व्हायला लागणारा वेळ. भागाकारात तो खाली बसतो. तो जितका वाढेल तितकी जोडीची खात्री घटते.

तो वेळ आमच्याकडे किती असायला हवा होता? चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या वेगाने भरायची म्हटलं तर साडेसात तास लागतात. आठ धरू. आमच्याकडे तो ४,८०० तास होता. म्हणजे उरलेली डिस्क एकटी असताना जाण्याचा धोका आम्ही सहाशे पटीने वाढवून घेतला, आणि तोही एक पैसा न वाचवता. डिस्कची किंमत दोन्हीकडे तेवढीच. जोडीचा खर्च वाया गेला हे गुरुजींचं म्हणणं इथपर्यंत खरं आहे. तो वाया कुणी घालवला एवढाच आमचा वाद आहे.

आता २९ मार्चच्या सकाळकडे येतो, कारण नुकसान डिस्कने जेवढं केलं त्याहून जास्त आम्हा माणसांच्या हातून होता होता राहिलं.

सर्व्हर अडला तेव्हा कुणीतरी बटण दाबून तो बंद केला आणि पुन्हा चालू केला. तो चालू झालाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खाती उघडली, पण शेवटची नोंद पोळ्याच्या आठवड्यातली दिसत होती. लिपिकाला वाटलं, सॉफ्टवेअर तारीख चुकवतंय. त्याने तारीख दुरुस्त केली आणि दीड तास त्या दिवशीच्या पावत्या चढवत बसला.

झालं असं होतं की पोळ्याला बाहेर पडलेली डिस्क मुळात मेलेलीच नव्हती. नंतर तिचा आरोग्यतक्ता काढला. डिस्क स्वतःविषयी काही आकडे राखून ठेवते, त्याला 'स्मार्ट' म्हणतात. त्यात खराब जागांचे रकाने शून्य होते, पण १९९ क्रमांकाचा आकडा फुगलेला होता. हा आकडा वाढला की संशय डिस्कच्या आधी केबलवर घ्यायचा: माहिती वाटेत बिघडून पोहोचते आहे. खोलीची साफसफाई करताना कॅबिनेट सरकवलं गेलं असावं आणि केबल सैल झाली असावी. जोडीने तिला बाहेर काढलं, ती तशीच पोळ्याच्या दिवसावर थिजून राहिली. मार्चमध्ये दुसरी डिस्क दिसेना म्हटल्यावर पुन्हा चालू झालेल्या सर्व्हरने समोर जी डिस्क सापडली ती उचलली. तिच्या दृष्टीने आज पोळाच होता.

म्हणजे दुपारी बारापर्यंत संस्थेत दोन वह्या तयार झाल्या होत्या. एका आजारी डिस्कवर सात महिन्यांचा खरा व्यवहार. दुसऱ्या ठणठणीत डिस्कवर शिळा व्यवहार, वर दीड तासाच्या ताज्या नोंदी. तेवढ्यात एका हितचिंतकाने फोनवर सल्ला दिला, "जोडी पुन्हा सिंक करून टाका, आपोआप ठीक होईल." ठीक झालंच असतं. ठणठणीत डिस्कवरचा पोळा आजारी डिस्कवर छापला गेला असता आणि सात महिने पुसले गेले असते. मी पोहोचलो तेव्हा एक तरुण कर्मचारी पडद्यावरच्या 'होय' वर माउस नेऊन माझी वाट पाहत होता. वाट पाहिली, हे त्याचे उपकार.

अशा वेळी काय करायचं हे कंटाळवाणं आहे. पहिलं म्हणजे काहीच करायचं नाही. लिहिणं थांबवायचं, सर्व्हर बंद. मग डिस्क ओळखायची, आणि ती 'डावीकडची' किंवा 'पहिली' अशी ओळखायची नाही. सर्व्हर पुन्हा चालू झाला की पडद्यावरची अक्षरं अदलाबदल होऊ शकतात. डिस्कवर चिकटवलेला अनुक्रमांक वाचायचा, तो पडद्यावरच्या अनुक्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळवायचा, कागदावर लिहायचा आणि शेजारच्या माणसाकडून तो मोठ्याने वाचून घ्यायचा. हसू नका. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीचा एक अभियंता दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसायला गेला आणि पुसली मुख्य सर्व्हरवरची. सुमारे ३०० जीबीतलं साडेचार जीबी उरलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच तजविजी होत्या, त्यातली एकही भरवशाने चालत नव्हती. ही कबुली त्यांनी स्वतः जाहीर दिली. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक प्रत निघाली म्हणून निभावलं. जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्यांची ही गत, तर मार्चअखेरीला उपाशीपोटी कॅबिनेटात हात घालणाऱ्याची काय सांगावी?

आजारी डिस्कची आधी प्रत काढायची. दुरुस्ती, जोडी, सगळं त्यानंतर. प्रत काढणारं साधन आधी वाचता येण्याजोग्या जागा उचलतं आणि रुसलेल्या जागांकडे शेवटी वळतं, म्हणजे मरत्या डिस्कची उरलेली ताकद चांगल्या मालावर खर्च होते. त्या रात्री खोलीत मी, तो कर्मचारी आणि एक टेबलफॅन. इन्व्हर्टरवर भरवसा नव्हता म्हणून शेजारच्या दवाखान्यातून यूपीएस मागून आणला. पहाटे साडेचारला प्रत झाली. चार जागा वाचल्या गेल्या नाहीत. त्या नेमक्या कोणत्या फायलीत पडल्या ते शोधून, बिघडलेला भाग कागदावरच्या रोजकीर्दीवरून पुन्हा चढवला. गुरुजी, हे सभेत सांगायला हवं होतं की संस्थेचा त्या दिवशीचा खरा बॅकअप तुमच्याच आग्रहाने चालू ठेवलेली छापील रोजकीर्द होती. लोक तिला जुनाट म्हणतात. खतावणी चुकली तर रोजकीर्दीवरून उभी करता येते, हे आपल्या वहीखात्याला संगणकाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

तरीही दुसरा दिवस अर्धा गेला, आणि त्यातला एक तास माझ्या चुकीचा. सर्व्हर सुरू करणारा छोटा प्रोग्राम डिस्कच्या सुरुवातीला असतो. जोडी बांधताना तो दोन्ही डिस्कवर बसवावा लागतो. मी तीन वर्षांपूर्वी तो एकीवरच बसवला होता आणि दुसऱ्या डिस्कवरून एकदाही सुरू करून पाहिलं नव्हतं. आमच्या धंद्यातली ही घरोघरीची चूक आहे. जोडी बांधली, दोन्ही दिवे हिरवे झाले, बिल दिलं, निघालो. एक केबल मुद्दाम काढून 'आता चालतं का' हे पाहणारा अजून मला तरी विरळाच भेटला.

आता ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, हे यवतमाळकरांना कुणी सांगायला नको. पण डिस्क उन्हाने गेली असं म्हणताना आपण स्वतःला फार लवकर माफ करतो. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान आणि बिघाड यांचं नातं समजलं जात होतं त्यापेक्षा बरंच सैल निघालं. चढ दिसला तो फार तापलेल्या आणि वय झालेल्या डिस्कमध्ये. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता इतर डिस्कच्या ३९ पट होती. आणि तरीही गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. म्हणजे इशारा मिळाला तर तो सोन्याच्या मोलाचा, आणि मिळाला नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही. आमच्या बझरने इशारा दिला होता.

उन्हाचा, विजेचा खरा गुन्हा वेगळा आहे, आणि तिथे गुरुजी अर्धे बरोबर आहेत. ऊन दोन्ही डिस्कना एकदम लागतं. महावितरणची वीज गेली, इन्व्हर्टर दहा मिनिटांत झोपला, तर झटका दोघींना बसतो. पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये मी सर्व्हर उघडला तेव्हा पंख्याच्या पात्यांवर रुईची गादी बसली होती. वणीकडे तेच काम कोळशाची धूळ करते. एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आणलेल्या दोन डिस्क जुळ्या बहिणींसारख्या म्हाताऱ्या होतात. याचं टोक २०१९ च्या नोव्हेंबरात दिसलं. एचपीई कंपनीने स्वतःच जाहीर केलं की तिच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील, आणि त्यातली माहितीही परत मिळणार नाही. तीन वर्षं, २७० दिवस आणि आठ तास. अशी जोडी एकाच मुहूर्तावर बसवली असेल तर दोन्ही एकाच घटकेला जाणार. म्हणून मी दुसरी डिस्क दुसऱ्या कंपनीची किंवा निदान सहा महिने मागेपुढे घ्या म्हणतो, आणि खरेदी समिती 'एकाच बिलात सूट मिळते' म्हणते.

गुरुजींपेक्षा जास्त राग मला आहे तो माझ्याच व्यवसायबंधूंचा. या सर्व्हरच्या मूळ कोटेशनमध्ये एक ओळ होती: मिरर असल्याने वेगळ्या बॅकअपची गरज नाही. ही ओळ लिहिणाऱ्याने संस्थेला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याला स्वतःलाही तसंच वाटत असेल. पण मिरर म्हणजे कार्बन पेपर. वर चूक लिहिली की खाली तीच चूक उमटते. लिपिकाने चुकून फाइल पुसली, ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर व्हायरस आला तर तो दोन्ही प्रतींना कुलूप लावतो. आणि पाणी? २२ जुलै २०२३ च्या पावसात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले, हवाई दलाचं हेलिकॉप्टर पाठवावं लागलं. तशा पाण्यात जमिनीवर ठेवलेल्या एका कॅबिनेटमधल्या दोन डिस्क म्हणजे हिशेबाला एकच डिस्क. मिरर उद्या काउंटर उघडं ठेवण्यासाठी असतो. परवाचा हिशेब परत आणायला दुसऱ्या जागी, दुसऱ्या दिवसाची, त्याच हाताने पुसता न येणारी प्रत लागते.

राहिला क्लाउड. प्रत बाहेर असावी हे माझंच तीन वर्षांपासूनचं मागणं आहे, त्यामुळे गुरुजींनी तो शब्द काढला तेव्हा मी मनातून खूश झालो होतो. पण ते प्रत बाहेर ठेवा म्हणत नव्हते. सगळंच बाहेर ठेवा आणि विसरा म्हणत होते. विसरायचं असेल तर क्लाउडही आपल्याला विसरतो. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये आग लागली. सुरुवात यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांपासून झाली. सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती ज्या सरकारी क्लाउडवर होती, तो जळाला. आकारमान फार मोठं म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. इतक्या पुढारलेल्या देशात. आमच्या सर्व्हरला इन्व्हर्टरची बॅटरी चिकटून बसलेली आहे, हे मी वर सांगितलंच. शिवाय रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने फायबर तोडली की आपल्या गावात दोन-दोन दिवस लाइन येत नाही. सगळं बाहेर ठेवलेल्या संस्थेने त्या दोन दिवसांत ठेवीदाराला काय सांगायचं?

सभा संपल्यावर चहाच्या कपासकट गुरुजींना गाठलं. वरचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये दोनदा "हं" म्हणाले, चार हजार आठशे भागिले आठ तोंडी करून पाहिलं. मग विचारलं, "ते सगळं ठीक आहे. बझर परत जोडला का?"

आम्ही दोघं खाली गेलो. शिपायाने खोलीचं कुलूप काढलं. मार्चमध्ये मी नवी केबल टाकली होती, नवी डिस्क बसवली होती, दोन्ही दिवे हिरवे होते. लाल-काळी वायर कॅबिनेटच्या कडेला तशीच लोंबत होती.